वाळूतला म आणि तिळीची लाही

एक होती मुंगी. नाव तिचं तिळी.

सकाळपासून ती चालत होती. तोंडात राजगिऱ्याची लाही. चालली तुरु तुरु तुरु. दमली होती फार.

वाटेत लागली बालवाडी. बालवाडीत ताट. ताटात वाळू. तिळी काठावर चढली, आणि टुप्प! लाही पडली वाळूत.

ताटाशी बसली होती कस्तुरी. बोटाने वाळूत 'म' काढत होती. सुर्र सुर्र सुर्र. बोट फिरलं, वाळू सरकली, लाही गडप!

"कस्तुरी कस्तुरी, ताट हलव ना!
माझी लाही मिळेना,
थकले बाई थकले!"

"नाही गं बाई! माझा 'म' पुसेल. काढून काढून बोट दुखलं माझं. ताईंनी बघितला की हलवीन."

तिळी निघाली बालवाडीच्या ताईंकडे. तुरु तुरु तुरु.

"ताई ताई, उठा ना!
कस्तुरी ताट हलवेना,
माझी लाही मिळेना,
थकले बाई थकले!"

ताईंनी दिली मोठ्ठी जांभई. "कशी उठू? मांडीवर गणू झोपलाय. आत्ता कुठे डोळा लागलाय. त्याचे आजोबा न्यायला आले, की उठेन."

आजोबा समोरच्याच ओट्यावर. तिळी निघाली. तुरु... तुरु...

"आजोबा आजोबा, या ना!
ताई उठेनात,
कस्तुरी ताट हलवेना,
माझी लाही मिळेना,
थकले बाई थकले!"

"कसा येऊ? अंगण तापलंय. चप्पल आहे भुऱ्याच्या पोटाखाली. भुऱ्या उठला, की येईन."

भुऱ्या म्हणजे कुत्रा. चपलेवर पसरला होता. तिळी गेली. तुरु... हुश्श... तुरु...

"भुऱ्या भुऱ्या, ऊठ ना!
आजोबा येईनात,
ताई उठेनात,
कस्तुरी ताट हलवेना,
माझी लाही मिळेना,
थकले बाई थकले!"

भुऱ्याने एक डोळा उघडला. "रात्रभर गल्ली राखली. मी नाही उठत." आणि मिटला डोळा. घर्रर्र!

तिळी मटकन बसली. तिला रडूच आलं. "सगळेच दमलेत. मग मी नाही का दमले?"

नाक पुसलं. भुऱ्याच्या कानावर चढली. आणि कडकन चावली!

"कुईं!" भुऱ्या उठला.
आजोबांनी चप्पल घातली. चटक फटक, चटक फटक.
गणू गेला आजोबांच्या खांद्यावर.
ताई उठल्या, कंबर धरून.
ताईंनी 'म' बघितला.

"वा गं कस्तुरी! 'म'चं इवलं पोट, सरळ पाठ! आता ताट हलव, परत काढ."

कस्तुरीचे डोळे भरले. "माझा 'म' जाईल ना!"

ताईंनी तिचं बोट धरलं. "वाळूतला जाईल. बोटातला कुठे जातोय?"

कस्तुरीने ताट हलवलं. सळ सळ सळ. 'म' गेला. लाही वर आली!

कस्तुरीने बोट टेकवलं. सुर्र सुर्र सुर्र. 'म' परत आला!

तिळी लाही उचलायला गेली. उचलेना. पायच चालेनात. मग कस्तुरीने तेच बोट पुढे केलं. तिळी बसली बोटावर, लाही घेऊन. बिळाच्या दारापर्यंत पोचली, एकही पाऊल न चालता.

तिळी निजली बिळात. गणू निजला खांद्यावर. भुऱ्या निजला सावलीत.

तू पण दमलास ना, सोन्या? हात दे इकडे. तळहातावर 'म' काढू? सुर्र... सुर्र... सुर्र...

आता डोळे मिट.