पाठीवरचा मोर

आटपाट नगरात हट्टसेन नावाचा राजा होता, आणि नगराबाहेर ओढ्याकाठी गोंदा रंगारी राहायचा. लाकडी ठसे मारून कापडावर वेलबुट्टी उमटवायचा. त्याची लेक ठकू. ठसे मारता मारता पोरगी शिकली, आणि अशी शिकली की राजाच्या नव्या शोधशाळेत तिची निवड झाली! गोंदानं गल्लीभर गूळ वाटला.

पण राजानं पहिल्याच दिवशी घोळ घातला.

झालं काय, शोधशाळेचे शास्त्रीबुवा नव्या विद्यार्थ्यांना तयार करत होते. पोथी कशी उलगडायची, दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव कसं सांगायचं, गुरुजींनी चुका काढल्या तर रडू कसं आवरायचं. मग त्यांनी सगळ्यांना दरबारात नेलं आणि सिंहासनामागे उभं केलं. "इथून पंडितांचा वाद ऐका. नीट बघा, आणि तोंड मिटून राहा!"

त्याच सकाळी सिंहासनाच्या पाठीवरच्या कोरीव मोराला हिरवा रंग दिलेला. सुतार हात जोडून म्हणाला होता, "महाराज, रंग ओला आहे." राजा गरजला, "आमच्या हुकमानं वाळेल!" आणि खुशाल टेकून बसला.

वाद ऐकता ऐकता राजाला जोर चढला. पुढे झुकून म्हणाला, "शास्त्रीबुवा, पहिला पाठ आम्ही देणार! प्रत्येकानं आम्हाला एक नवी गोष्ट सांगायची. आम्हाला ठाऊक असली, तर ती नवी नाही. ठाऊक नसली, तर ती खरी नाही! चुकेल त्यानं गाठोडं उचलायचं आणि घर गाठायचं!"

एक विद्यार्थी म्हणाला, "महाराज, वटवाघूळ उलटं झोपतं."

"ठाऊक आहे! नीघ!"

दुसरा म्हणाला, "महाराज, मुंग्या वासावरून वाट काढतात."

"आम्हाला ठाऊक नाही, म्हणजे खोटं! नीघ!"

एकेक करून सगळे दाराशी गाठोडी घेऊन उभे राहिले. उरली ठकू. घरी परतलं तर बाबा काही बोलायचा नाही, पण तो गल्लीभर वाटलेला गूळ?

ती सिंहासनाला वळसा घालून पुढे आली. "महाराज, तुमच्या पाठीवर मोर बसलाय!"

चवरी ढाळणाऱ्याचा हात थांबला.

"आमच्या पाठीवर? खो..." राजानं हात मागे नेला. बोटं हिरवी! आता खोटं म्हणावं, तर पाठ दाखवावी लागणार. भर दरबारात राजानं पाठ दाखवायची? लोक पळपुटा म्हणतील! तो घाईघाईनं म्हणाला, "ठाऊक आहे आम्हाला! आम्हीच बसवलाय!"

"हो का? मग त्याचं तोंड कुणीकडे ते सांगा की!"

सिंहासनावर कोरलेला मोर राजा लहानपणापासून बघत आलेला. "त्यात काय! उजवीकडे!"

"चुकलात, महाराज! लाकडावरचा उजवीकडे बघतो. पण ठसा कापडावर उलटा उमटतो. तुमचा मोर डावीकडे बघतोय!"

राजानं अंगरखा उतरवून मांडीवर पसरला. मोर डावीकडे मान करून ऐटीत उभा!

"खरा आहे की नाही?" ठकूनं विचारलं.

"खरा आहे."

"आणि ठाऊक होता?"

राजानं मोरावरून बोट फिरवलं. मग ओठ हलले, "...नव्हता."

"म्हणजे नवा!"

"अगं पण, तुम्ही सगळे मागेच होतात. बाकीच्यांना दिसला नाही?"

"दिसला की! पण नीट बघा आणि तोंड मिटा, असं दोन्ही सांगितलं होतं. मी अर्धंच ऐकलं!"

राजाला असं हसू फुटलं की तो पुन्हा मागे टेकला, आणि आतल्या बंडीवरही मोर उमटला! "माग पोरी, काय हवं ते माग!"

"दाराशी उभ्या असलेल्यांची गाठोडी सोडू द्या."

गाठोडी सुटली. राजानं आणखी एक हुकूम काढला, नव्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर मोराचं उपरणं हवंच, आणि ते गोंदाच्याच हातचं! तेव्हापासून दर साली गोंदाच्या अंगणात दोऱ्यांवर उपरणी वाळत असतात, आणि त्यांवरचे सगळे मोर डावीकडे बघत असतात.