थोरलीला स्थळ आणणारी येसूआक्का

फार फार वर्षं झाली ह्या गोष्टीला. किती, ते आडखोलीत कोणालाच सांगता येत नाही. एवढंच सांगतात, की तेव्हा खाडीवर पूल नव्हता, घाटात गाडीवाट नव्हती, आणि आडखोल गावात येसूआक्का होती.

येसूआक्का सोयरिकी जमवायची. कोणाच्या दारावरून ती गेली आणि थांबली नाही, असं कधी झालं नाही. "काय गो, आज भाजी कसली?" इथून सुरू व्हायचं ते त्या घरच्या पणजोबाच्या दम्यापर्यंत जाऊन पोचायचं. लोक वैतागायचे. पण मुलगी लग्नाची झाली, की तिच्याच पायरीशी येऊन बसायचे. कोणाच्या घराण्यात दात पुढे, कोणाच्या बायका नव्वदीतही विहिरीचं पाणी ओढतात, कोणत्या दोन घरांचं रक्त आता फार जवळ आलंय, सगळं तिला पाठ. असं म्हणतात, की बारशाला पाळण्यात नुसतं डोकावून ती सांगायची, "कान आजीच्या भावाचो आसा." आणि तो असायचाच.

तिच्या एकटीच्या शब्दावर चाळीस मुली सुना होऊन आडखोलीत आल्या होत्या.

आता आडखोल गाव जगायचं कशावर, तर रातांब्यावर, म्हणजे कोकमावर. उन्हाळ्यात फळं फोडायची, साल वाळवून सोलं करायची, बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, काढायचं, आणि ते सगळं खाडीवर नेऊन मीठ, तांदूळ, कापड आणायचं. गावाच्या वरच्या अंगाला रातांब्यांची राई होती, आणि राईच्या मधोमध होती थोरली. थोरली म्हणजे सगळ्यांत जुनं झाड. तिचं फळ मुठीत मावायचं नाही. साल जाड, गर लालभडक, एका सोलाने अख्खं सार रंगायचं.

एवढं गुणी झाड म्हटल्यावर गावाने काय केलं? बाकीचे रानटी रातांबे, कोणी बुटका, कोणी पिवळ्या फळाचा, कोणी नुसताच आंबट, सगळे तोडून टाकले. थोरलीचं सोडून दुसरं बी लावायचं नाही, असं पंचांनी ठरवलं. लेकी लावल्या, लेकींच्या लेकी लावल्या. रातांब्यात बाई झाड वेगळं, बुवा झाड वेगळं. बुवा नुसता फुलतो, फळ धरतं ते बाई झाड. तर बाया थोरलीच्या आणि बुवेही थोरलीचेच. गावाला त्याचा केवढा अभिमान!

पाच-सहा पिढ्या गेल्या आणि राईचं काहीतरी बिनसलं. फळं लहान पडायला लागली. पुढे पिकायच्या आधीच गळायला लागली. बी फोडावं तर आत पोकळ. रोप लावावं तर वीतभर वाढून मान टाकायचं. थोरली आता म्हातारी झाली होती, आणि तिच्या मागे राई सांभाळील असं एकही झाड धडधाकट नव्हतं. लोकांनी शेण घातलं, राख घातली, देवळात कौल लावला. काही उपयोग नाही.

शेवटी रवळू गावकराने देवळासमोर सगळ्यांना बसवून सांगितलं, "शिमग्यापर्यंत बघूया. थोरलेक फळ धरला तर ऱ्हवया. नायतर गाव हलवूक होया. मिठाशिवाय किती दिवस काढतले?"

त्याच सकाळी आनंदी नावाची एक सून येसूआक्काच्या दारात येऊन रडत बसली. "आक्का, तुझ्या शब्दार मी हय इलंय. तू म्हणालंस, ह्या गावात कायेक कमी नाय. आता आमी पोरांक घेवन खय जावचा?"

येसूआक्का तिच्याशेजारी पायरीवर बसली. चाळीस घरं तिने बांधली होती. ती आता चाळीस दिशांना जाणार होती. तिला जेवण गेलं नाही. ती उठली आणि सरळ राईत गेली.

आता राईत जाऊन ती काय करणार? तिला झाडांतलं काही कळत नव्हतं. तिला कळायची ती माणसं. म्हणून ती झाडांकडे तशीच बघत बसली, जशी मुलगी बघायला गेल्यावर घर बघायची. एका रोपाच्या पानाचं टोक डावीकडे मुरडलेलं. शेजारच्याचंही तसंच. पलीकडच्याचंही. बुव्यांचं तेच, बायांचं तेच. आणि थोरलीच्या पानाला तीच मुरड.

"अगो बाय माझे!" ती मोठ्याने म्हणाली. "ही सगळी सख्खी भावंडा! आणि ह्यांचीच एकमेकांत लग्ना लावलास तुमी!"

ती धावतच गावकराकडे गेली. त्याच्या ओटीवर पंच बसले होते. "रवळू, एका देवकातली सोयरीक तू कधी केलंस काय?"

"शिव शिव! कोण करता?"

"मगे झाडांची कशी केलास? थोरलेक भायरचा स्थळ होया."

सगळी बैठक पोट धरून हसली. "आक्का, झाडाक आता बाशिंग बांधतलंस काय?" कोणी म्हणालं, मुंडावळ्या कोण आणणार. कोणी विचारलं, नवरा पायी येणार की पालखीतून. येसूआक्का हसणाऱ्यांकडे बघून म्हणाली, "हसा. तुमच्या बापांची लग्ना मीच जमवलंय, तेवापण ते असेच हसत होते."

बाहेरचं स्थळ म्हणजे कुठलं? जवळपासचे रानटी रातांबे तर आडखोलीनेच तोडलेले. उरलं होतं फक्त कातळवडे, पाच कोसांवर, उघड्या खडकावरचं गाव. आणि कातळवड्याशी आडखोलीचं तीन पिढ्यांचं वैर, एका म्हशीवरून. म्हैस कधीच मेली होती. पण मुलगी देणं नाही, घेणं नाही, पाणी मागणं नाही. तिथले रातांबे लहान, पातळ सालीचे, खाल्ले तर डोळे मिटतील असे आंबट. पण खडकातून उगवलेले, आणि कधी न मरणारे.

येसूआक्का एकटी तिथे गेली. तिथला गावकर भानू अंगणात दोर वळत होता. त्याने मान वर केली नाही.

"आडखोलची बाय माझ्या अंगणात कित्याक इली?"

"सोयरीक घेवन इलंय. मुलगी आमची, मुलगो तुमचो."

"कोण मुलगो?"

"तो." तिने खडकावरच्या एका आडदांड बुव्याकडे बोट केलं. झाड कळ्यांनी भरलं होतं.

भानू हसला नाही. त्याला राग आला. "आमच्या झाडांक तुमीच नावा ठेवलात. आंबट म्हणालात, नकटी म्हणालात."

"नाक नकटा आसला तरी चलात," येसूआक्का म्हणाली. "मी अंगपिंड बघतंय. चूक आमची झाली, भानू. पाया पडूक सांगलंस तर पडतंय. पण माका ह्यो नवरो दी. बदल्यात थोरलेचा बी तुमच्या सुनांच्या ओटयेत घालतंय. तुमच्या पोरांक गोड खावक नको काय?"

भानूने दोर बाजूला ठेवला. त्याची बायको आतून म्हणाली, "पाणी तरी देवा तिका." तीन पिढ्यांनी आडखोलच्या माणसाला कातळवड्यात पाणी मिळालं. दहा दिवसांत फूल उमलेल, तेव्हा ये, असं ठरलं.

पण एक अडचण होती. रातांब्याचं फूल नाजूक. फांदी तोडल्यावर ऊन डोक्यावर यायच्या आत थोरलीला नेऊन भिडवायला हवी. वाट पाच कोस, मध्ये सहा वाड्या, आणि वाटेवरच्या प्रत्येक घरात येसूआक्काने जमवलेलं एकेक लग्न. एका दाराशी थांबली असती तरी नवरा वाटेतच सुकला असता.

ठरल्या दिवशी ती कातळवड्याहून उजाडता निघाली. डोक्यावर फुललेल्या फांद्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

पहिल्या वाडीत एकजण ओरडला, "आक्का, भिकल्याक झिल झालो गो!" ती थांबली नाही. "आजोबासारखो दिसता, बघून तरी जा!" तिचा पाय अडखळला, असं म्हणतात, पण ती गेली. दुसऱ्या वाडीत एका घरात सासू-सुनेचं कडाक्याचं भांडण चाललेलं, शब्दन् शब्द रस्त्यावर ऐकू येत होता. ती गेली. तिसऱ्या वाडीत कोणाची तरी घर सोडून गेलेली सून परत आलेली. कोणी आणली, कशी आणली, काही विचारता आलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ मिटलेले. चौथ्या वाडीपासून फुलांवरच्या मधमाश्या तिच्या मागे लागल्या. पाचव्या वाडीत त्या एवढ्या झाल्या, की तिच्या खांद्यावर जणू शाल पांघरलेली. एकही माशी तिला चावली नाही, आणि एकही फूल सुकलं नाही. असं म्हणतात.

ती राईत पोचली तेव्हा सगळी आडखोल तिथे उभी होती, हसणारेसुद्धा. थोरलीजवळच्या बुव्यांचा फुलोरा त्यांनी आदल्या दिवशीच झाडून टाकला होता, तिने सांगून ठेवल्याप्रमाणे. फांद्या थोरलीवर बांधल्या. माश्या ह्या फुलावरून त्या फुलावर गेल्या. गुरवाने अक्षता टाकल्या. मग आनंदी पुढे झाली आणि म्हणाली, "आक्का, आता बोल." आणि येसूआक्का जी बोलायला लागली ती सूर्य बुडेपर्यंत थांबली नाही.

शिमग्याला थोरली फळांनी वाकली होती. गाव हललं नाही. त्या फळांचं प्रत्येक बी रुजलं, आणि रोपांनी मान टाकली नाही.

सात-आठ वर्षांनी ती झाडं फळाला आली, तेव्हा दोन झाडं सारखी नव्हती. कोणाची साल आईची जाड, मूळ बापाचं चिवट. कोणी पिवळं, कोणी बोराएवढं. येसूआक्का तेव्हा फार म्हातारी झाली होती. तिला पाटावर बसवून राईत नेलं. एकेक फळ तिने चाखलं. चांगल्या झाडांचं बी वेगळं ठेवायला सांगितलं. एका फळाला तिने असं तोंड केलं, की सगळे हसले. "ह्यो कातळावरच्या आजोबावर गेलो," ती म्हणाली. रवळूच्या मुलाने कोयता काढला. तिने त्याचा हात धरला. "तोडू नको. ह्येच्यापाशी काय आसा, ता आमका अजून कळूचा आसा." ते झाड राहिलं. पुढे एका वर्षी कीड पडली आणि राईतली निम्मी झाडं बसली, तेव्हा त्या आंबट झाडाला किडीने तोंडही लावलं नाही. मग पुन्हा त्याचंच स्थळ चांगल्या झाडांना आणलं.

आजही आडखोलीत सून येते तेव्हा तिच्या ओटीत माहेरच्या रातांब्याच्या पाच बिया असतात. झाडाला तिच्या माहेरच्या गावाचं नाव पडतं. मार्गशीर्षात गावातली सगळ्यांत बोलकी बाई कातळवड्याहून फुललेली फांदी आणते, आणि सहा वाड्यांतले लोक तिला बोलतं करायला जिवाचा आटापिटा करतात. आणि सुनेच्या झाडाने पहिलं फळ धरलं, की पहिली टोपली येसूआक्काचं नाव घेऊन त्या सुनेच्या माहेरी जाते. तिथली म्हातारी फळ फोडते, चाखते, आणि आपल्याकडच्या चांगल्या झाडाच्या बिया टोपलीत घालून ती परत पाठवते.

ती टोपली अजून एकदाही रिकामी परत आलेली नाही.