दुसरी आलेली खार

ओढ्याकाठच्या एका जंगलात, अर्जुन वृक्षाच्या ढोलीत, एक तरुण खार राहत असे. त्या जंगलात दर उन्हाळ्यात ओढा आटला की एक स्पर्धा होई. मुलांनो, ती धावण्याची किंवा उड्या मारण्याची नव्हती, यंत्रांची होती. बांबूच्या कामट्या, वेली आणि लाख यांपासून आपोआप चालणारे यंत्र बनवायचे, त्याच्या पाठीवर पिकलेले उंबर ठेवायचे आणि कोणीही हात न लावता ते कोरड्या पात्रातून पलीकडच्या काठाला पोहोचवायचे. परीक्षक होती एक म्हातारी हत्तीण.

वेलीला पीळ भरला की तो सुटता सुटता चाके फिरवतो, ही युक्ती सगळ्यांनाच ठाऊक होती. खारीने मात्र सारा हिवाळा खपून यंत्राला पुढे दोन लवचीक मिशा बसवल्या होत्या. मिशी दगडाला लागली की यंत्र आपोआप वळे. तरीही स्पर्धेच्या सकाळी तिला घास गिळवेना. उन्हाने लाख वितळली तर? सगळ्यांसमोर हसे झाले तर? रांगेत उभी असताना तिने चाके इतक्यांदा तपासली की शेजारचा वानर म्हणाला, "अगं, आता त्यांना जरा फिरू दे."

इशारा झाला. वानराचे यंत्र सुसाट सरळ गेले आणि पाहता पाहता पलीकडे पोहोचले. बाकीची यंत्रे दगडांत अडकून उलटली. एक खारीचे यंत्र तेवढे दगड आला की वळे आणि पुन्हा वाट धरी. पाठीवरचे उंबर जागचे हलले नाही. पण काठ शेपटीभर उरला असताना वेलीचा पीळ संपला आणि यंत्र थांबले.

हत्तिणीने वानराच्या गळ्यात बहाव्याच्या फुलांची माळ घातली आणि सारे त्याला मिरवत घेऊन गेले. खारीला कोणी हसले नाही. कोणी काही म्हणालेही नाही, आणि तेच तिला जास्त लागले. आपले यंत्र कोणी पाहिले तरी का, की ते पाहण्यासारखे नव्हतेच? तिला गेल्या वर्षी दुसरी आलेली काटेरी साळू आठवली. तीही अशीच एकटी परतली होती. तेव्हापासून तिने कामट्यांना हात लावला नव्हता, आणि यंदा तर ती स्पर्धा बघायलाही आली नव्हती. आपलेही तसेच होणार, अशी खारीला भीती वाटली. तरी तिचे दात यंत्राच्या वेली कुरतडू लागलेच.

इतक्यात गर्दीतून निसटून वानर परत आला. "माझ्या वाटेत एकही मोठा दगड आला नाही, म्हणून मी जिंकलो," तो हळूच म्हणाला. "सबंध वेळ माझी छाती धडधडत होती. तुझे यंत्र वळते कसे, ते मला दाखवशील?" खारीने कुरतडणे थांबवले. आधी तिने चाचरत सांगितले, मग सांगता सांगता ती स्वतःलाच विसरली.

वानर तिला हत्तिणीकडे घेऊन गेला. हत्तीण म्हणाली की तिने सारे पाहिले होते, पण माळ एकच म्हणून नावही एकच घ्यायचे, अशी जुनी रीत होती.

"माळ एकच असू दे, आजी," खार खाली बघत म्हणाली. "पण तुम्ही पाहिलेत हे मला कळले असते, तर मी या वेली कुरतडल्या नसत्या. साळूनेही काम सोडले नसते."

 मग हत्तिणीने साऱ्यांना परत बोलावले. खार दुसरी आली असल्याचे तिने जाहीर केले. यंत्र कसे वळले, उंबराला ओरखडाही कसा पडला नाही आणि पीळ कुठे कमी पडला, हे सगळे तिने समजावून सांगितले. जो तो वाकून त्या मिशा पाहू लागला. प्रत्येकाच्या प्रश्नाला खार उत्तर देत होती.

उन्हे कलल्यावर हत्तीण खारीला घेऊन साळूच्या बिळाशी गेली. साळू काटे फुलवून दारातच उभी राहिली. हत्तिणीने गुडघे टेकले. "गेल्या वर्षी तुझ्या यंत्राइतकी गोल चाके कोणाचीच नव्हती," ती म्हणाली. "तेव्हाच सांगायला हवे होते. माझे चुकले."

साळू दारातून हलली नाही. फार उशीर झाला की काय, असे वाटून खारीचा जीव टांगणीला लागला. मग हळूहळू साळूचे काटे मिटले. तिची नजर खारीच्या हातातल्या अर्धवट कुरतडलेल्या यंत्रावर गेली. "काठ शेपटीभर उरला आणि वेलीचा पीळ कमी पडला," खार म्हणाली.

"आत आण ते," साळू म्हणाली. "पीळ वेलीमुळे कमी पडत नाही. तुझी चाके वाकडी आहेत."

तात्पर्य : माळ एकाचीच असली, तरी थोडक्यात हुकलेल्याच्या कष्टांचीही वेळीच दखल घ्यावी, नाहीतर ते कष्ट करणारे हातच थांबतात.