कारभारणीने उघडलेलं पत्र

डोंगरापलीकडच्या एका गावात बियाण्यांचं एक घर होतं. भाताच्या साठ जुन्या जाती तिथे बरण्यांत जपून ठेवलेल्या. बरण्यांवर नुसते आकडे. कुठल्या बरणीत कुठलं भात, कुणाच्या शेतातलं, कधी पेरायचं, ही सगळी माहिती कॉम्प्युटरमध्ये. ती गेली की साठही बरण्या मुक्या!

या घराची कारभारीण कामाला वाघ, पण तोंडाची भारी फटकळ. कॉम्प्युटरवर आलेली अनोळखी पत्रं उघडू नका, असं ती तिथे काम करणाऱ्या बायकांना उठताबसता बजावायची. तिच्या सुनेने एकदा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवला, तर चारचौघींत तिची अशी खरडपट्टी काढली की विचारू नका.

आणि एका दुपारी कारभारणीच्याच कॉम्प्युटरवर पत्र आलं. तुमच्या बियाणेघराला मान मिळाला आहे, आजच उघडा, नाहीतर तो शेजारच्या गावाला जाईल. शेजारच्या गावाला? मग बाईंना कुठलं राहवतंय! कुणाला न विचारता उघडलं की हो पत्र. बघता बघता एकेका भाताचं नाव पुसून तिथे भलतीच अक्षरं उमटू लागली.

शेजारच्या खोलीत सून काम करत होती. सगळ्या माहितीची एकुलती एक नक्कल तिच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तोही याच तारेला जोडलेला. सांगावं तर अब्रू जाणार, तीही सुनेसमोर. न सांगावं तर ही कीड तारेतून पलीकडे पोचणार. तिने पदराने स्क्रीन झाकलासुद्धा. पण हे बियाणं हयातभर सांभाळलेल्या म्हाताऱ्या बायका तिला आठवल्या, आणि ती उठलीच.

“सूनबाई, मी चुकले. नको ते पत्र उघडलं. आता काय करू?”

सुनेने आधी तार उपटली. कारभारणीच्या कॉम्प्युटरमधली नावं गेली ती गेलीच, पण सुनेकडची नक्कल शाबूत राहिली. कारभारीण तिचे हात धरून रडली. सून म्हणाली, “आई, तुम्ही लगेच आलात म्हणून वाचलं. घटकाभर थांबला असतात, तर काही उरलं नसतं.”

दुसऱ्या दिवशी कारभारणीने सगळ्या बायकांना बोलावलं, आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगितली आणि सर्वांदेखत सुनेचे उपकार मानले. बायका हसल्या, तीही हसली.

तेवढ्यात मागे बसलेली एक बाई चाचरत उभी राहिली. “तसलंच पत्र मीही आज सकाळी घरच्या कॉम्प्युटरवर उघडलंय. तुमच्या धाकानं बोलले नव्हते.”

कारभारणीचं हसू मावळलं. इतकी वर्षं रागावून आपण काय कमावलं, ते तिला त्या क्षणी कळलं. तिने त्या बाईला जवळ घेतलं. “सांगितलंस, फार बरं केलंस गं,” म्हणाली, आणि तार काढायला तिच्या घराकडे स्वतः धावली.

तात्पर्य: अनोळखी पत्र उघडू नये हे खरंच, पण उघडलं गेलंच तर तत्काळ सांगावं. आणि सांगणाऱ्याचे आधी आभार मानावेत, कारण धाकाने लपवलेली चूक सगळ्यांना बुडवते.