पाहुण्याची आंघोळ

एका गावात एक भोळा गडी होता, गजाबा नावाचा. अंगानं दांडगा, मनानं गरीब, आणि डोकं अगदी नवंकोरं. कधी वापरलंच नव्हतं ना.

आधी तो म्हशी धुवायचा. म्हशी त्याच्यावर खूश होत्या. पण मालकानं म्हशी विकल्या आणि गजाबा रिकामा झाला. गावाबाहेर वृद्धाश्रम होता. तिथल्या व्यवस्थापक शालनबाई. त्यांना माणूस हवाच होता. म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या, दाढ्या करायच्या, नखं कापायची, तेल लावायचं.

शालनबाईंनी विचारलं, "जमेल का रे?"

गजाबा म्हणाला, "व्हय की. शिंगं नाहीत म्हंजे सोपंच."

झालं. लागला कामाला.

पहिल्या सकाळी शालनबाई म्हणाल्या, "गजाबा, सगळ्यांच्या कवळ्या घासून ठेव."

गजाबानं सगळ्यांच्या तोंडातले दात गोळा केले. एका बादलीत टाकले. काथ्या घेतला आणि घास घास घासले. दात असे चकचकीत झाले की काही विचारू नका. मग बादली घेऊन निघाला आणि हाताला येईल ती कवळी समोर येईल त्या तोंडात.

सगळा आश्रम 'ऊं ऊं' करायला लागला. एकाचं तोंड मिटेना, दुसऱ्याचं उघडेना. आप्पांच्या तोंडात गोदाक्काचे दात गेले आणि गोदाक्काच्या तोंडात आप्पांचे.

हे आप्पा म्हणजे बॅंडवाले. जन्मभर दुसऱ्यांच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवलेलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. गोदाक्काही एकटीच. ती आपले दात मागायला आप्पांकडे गेली. आप्पांनी काढून दिले, तिनं त्यांचे काढून दिले. दोघांची बोळकी समोरासमोर आली आणि दोघं जी हसत सुटली ती जेवणाच्या घंटेपर्यंत. तिथनंच सगळं सुरू झालं. लोकांचं नजरेनं जमतं, ह्यांचं दातांनी जमलं.

पण शालनबाई चिडल्या. "अरे शहाण्या, ज्याचं त्याला कळायला नको? आधी नाव घालावं, मग पाण्यात टाकावं!"

"बरं बाई. आधी नाव, मग पाणी."

दुसऱ्या दिवशी आंघोळी होत्या. गजाबानं धुण्यावर खुणा घालायची शाई घेतली. पाण्यात घालायच्या आधी एकेकाला धरलं आणि नाव घातलं. आप्पांच्या टकलावर मोठ्या अक्षरात 'आप्पा'. जागा उरली म्हणून खाली वेलबुट्टी. बायकांच्या दंडावर नाव. एक आजोबा झोपले होते, त्यांच्या कपाळावर 'झोपलेले'.

शाई चांगली होती. घासून निघेना.

शालनबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "अरे, माणसं आहेत ती, चादरी नव्हेत! माणसाला हात लावायच्या आधी विचारावं. तो म्हणेल तसं करावं!"

"बरं बाई. विचारायचं. म्हणेल तसं करायचं."

तिसऱ्या दिवशी गजाबा दारोदार फिरला.

"आंघोळ घालू का?"

"नको रे, कालच केली."

"आंघोळ घालू का?"

"थंडी वाजतीय. उद्या बघू."

सगळे नको म्हणाले. म्हातारपणी आंघोळ नकोच वाटते, त्यात काय! गजाबानं कोणाला थेंब लावला नाही. शेवटी राहिले मास्तर. मास्तरांचं डोकं जरा हललेलं. रोज सकाळी पिशवी भरून दारात उभे राहायचे.

मास्तर म्हणाले, "मी इथला नाही. मी पाहुणा आहे. मला घरी जायचंय."

गजाबा म्हणाला, "अस्सं? मग आधी नाही का सांगायचं?"

पिशवी घेतली, मास्तरांना स्टँडवर नेलं आणि एसटीत खिडकीजवळ बसवून दिलं. वर टाटाही केला.

दुपारी शालनबाई रिक्षा करून गेल्या आणि पार पुढच्या डेपोतनं मास्तरांना घेऊन आल्या. मास्तर तिथं कंडक्टरांना पाढे म्हणायला लावत होते.

शालनबाई ओरडल्या, "गजाबा! 'मी इथला नाही, मी पाहुणा, मला घरी जायचंय' असं जो म्हणतो ना, तो इथलाच असतो! त्याचं ऐकायचं नाही. 'हो हो, जाऊ या' म्हणायचं, गोड बोलायचं, आणि आंघोळ, दाढी, पावडर सगळं उरकायचं. कळलं?"

गजाबानं डोकं खाजवलं. "म्हंजे उलटं समजायचं?"

"हो रे बाबा, उलटं!"

"इथला नाही म्हणला, तर इथला. आन इथला म्हणला, तर पाहुणा."

शालनबाई दमल्या होत्या. "हो," म्हणाल्या आणि आडव्या झाल्या.

आता खरी गंमत ऐका.

आप्पांनी आणि गोदाक्कानं लग्न करायचं ठरवलं. आश्रमातल्या म्हाताऱ्या आनंदानं वेड्या झाल्या. पण गोदाक्काचा मुलगा होता, प्रल्हाद. पन्नाशी ओलांडलेला, केस पिकलेले, नाकाखाली ही जाडजूड मिशी. त्यानं फोनवर सांगितलं, "आई, ह्या वयात लग्न? लोक हसतील. मी येतो, त्या बॅंडवाल्याला बघतो आणि तुला सोबत घेऊन जातो."

गोदाक्काचं तोंडच उतरलं. मुलाचा होकार नसला तर बोहल्यावर चढणार नाही, असं तिनं आप्पांना सांगूनच ठेवलं होतं. आणि प्रल्हादच्या घरी गेली की पुन्हा आप्पा कुठले दिसायला!

प्रल्हाद यायचा दिवस उजाडला. म्हणजे बघा, मुलगा आईसाठी नवरा बघायला येणार! आप्पांनी नवं धोतर नेसलं, फेटा बांधला. फेटा बरा, टकलावरचं नाव झाकलं. गोदाक्का हिरवं लुगडं नेसून शेजारी बसली.

शालनबाई पेढे आणायला बाजारात निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "गजाबा, पाहुणे येतील. त्यांना परत जायचंय. वेळेवर एसटीत बसव, गाडी चुकवू नकोस हं."

"बरं बाई."

थोड्या वेळानं फाटकात प्रल्हाद आला. धुळीनं भरलेला, दाढी वाढलेली, हातात पिशवी.

गजाबानं विचारलं, "कोण तुम्ही?"

"मी पाहुणा आहे. आईला घ्यायचं आणि लगेच घरी जायचंय."

गजाबाचा चेहरा उजळला. अगदी शिकवलं होतं तस्संच!

"हो हो, जाऊ या," तो गोड आवाजात म्हणाला. आणि प्रल्हादला काखेत घालून मागच्या न्हाणीघरात नेलं.

"अरे सोड! मी इथला नाही!"

"हो हो, जाऊ या."

बंब तापलेला होता. गजाबानं म्हशीला घासावं तसं त्याला घासलं. कानामागून घासलं, टाचा घासल्या. मग वस्तरा काढला.

"मिशीला हात लावू नकोस!" प्रल्हाद किंचाळला.

उलटं समजायचं. मिशी गेली.

तेल, भांग, पावडर. आश्रमाचा लेंगा आणि बंडी. कपाळावर नाव घालायचं राहिलं होतं, ते घातलं, 'नवीन आबा'. आणि नेऊन बसवलं मास्तरांच्या शेजारी.

मास्तर म्हणाले, "मी पण पाहुणाच आहे. पाढे येतात का?"

मग गजाबा पुढच्या खोलीत आला. तिथं दोघं नटून बसलेली.

गोदाक्कानं विचारलं, "मागं कोण रे बोंबलतंय?"

"नवीन आबा आलेत. पहिल्या दिवशी सगळेच बोंबलतात. आक्का, तुम्ही कुठल्या?"

"आता कुठली म्हणजे? इथलीच की रे मेल्या!"

"आन आप्पा, तुम्ही?"

"मी पण इथलाच."

"घरी जायचंय?"

"नाही बाबा. कुठंच जायचं नाही आम्हाला."

गजाबा मनात म्हणाला, सापडले पाहुणे!

दोघांना उठवलं, स्टँडवर नेलं. आप्पांना वाटलं, मुलगा तिथं थांबला असेल. जी गाडी लागली होती तिच्यात गजाबानं त्यांना चढवलं. गोदाक्कानं गाडीवरची पाटी वाचली. जेजुरी. तिला वाचता येत होतं, एवढं ध्यानात ठेवा. आप्पा उठायला लागले तशी तिनं त्यांचं धोतर धरून खाली ओढलं.

"बसा गप," म्हणाली. "देवालाच बसवायचं असेल तर आपण कोण उठणार?"

शालनबाई पेढे घेऊन आल्या. "पाहुणे कुठायत?"

"बसवले गाडीत."

"इतक्यात? पेढा न खाता? आप्पा-आक्का सोडायला गेली वाटतं. आणि हे कोण?"

"नवीन आबा."

प्रल्हाद उडी मारून उठला. "बाई, मी पाहुणा आहे हो! मला घरी जायचंय!"

शालनबाईंनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. "हो हो, जाऊ या हं. पेढा खा."

दिवस कलला तशी आप्पा आणि गोदाक्का फाटकातून आली. दोघंही भंडाऱ्यानं पिवळीधमक. फेट्यापासून चपलेपर्यंत. गळ्यात हार.

प्रल्हाद ओरडला, "आई!"

गोदाक्कानं निरखून पाहिलं. "अगंबाई, पल्या! मिशी गेली की किती गोड दिसतोस! अगदी शाळेत जायचास तसा!"

"आई, हे काय केलंस? लग्न केलंस?"

"देवापुढं हार घातले. तुला विचारणारच होते रे. पण काय करू, तुझी आंघोळ चालली होती."

आप्पा हात जोडून उभे. फेटा सुटला होता, टकलावर 'आप्पा' दिसत होतं. प्रल्हादनं ते वाचलं. समोरच्या आरशात आपल्या कपाळावरचं 'नवीन आबा' वाचलं. आणि त्याला असं हसू फुटलं की हसता हसता तो खालीच बसला.

"बरं," तो डोळे पुसत म्हणाला, "मान्य. सगळं मान्य. सुखानं राहा. फक्त मला आता घरी जायचंय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि गजाबानं टॉवेल खांद्यावर टाकला, बंबात लाकूड सारलं, आणि गोड आवाजात म्हणाला,

"हो हो, जाऊ या."