ठकूची पागोळी

आज सकाळपासून पश्चिमेचं वारं सुटलंय. ढग आहेत, भरपूर आहेत, पण ते आमच्यावरून पुढं चाललेत. इथं उतरायचं त्यांच्या मनात नाही. माळावर उन्हाची तिरीप पडते, तिच्यामागून सावली धावते. आषाढात आमच्याकडं असंच असतं. या, या छपराखाली बसा. वाकून या मात्र, वळचण खाली आहे.

बाहेरून येणारा माणूस पहिल्यांदा या छपरालाच हसतो. सगळ्या कोरेवाडीत घरं माळवदाची, वर सपाट माती. आता काहींवर स्लॅब आला, तोही सपाटच. मधेच हे एवढं उतरतं छप्पर, जणू कुणी कोकणातलं घर उचलून माळावर ठेवलंय. वर आता पत्रा आहे, पूर्वी गवत होतं. वळचणीखाली ही दगडी डोणी दिसते ना, मेंढरांना पाणी पाजायची असते तसली, तिच्यासकट या जागेला ठकूची पागोळी म्हणतात.

मी शाळा पाहिलेली नाही. म्हाताऱ्यांकडून कानावर आलं ते सांगतो.

सिदोबा म्हणून इथला एक मेंढका होता. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, भात कापलेल्या खाचरांत ती लेंडीखतासाठी बसवायचा, आणि वळवाचे ढग दिसायच्या आत परत वर. सगळ्यांचंच तसं. मेंढराला चिखल सोसत नाही, खुरं सडतात. त्यामुळं झालं काय, आमच्या माणसांनी कोकण सगळं पाहिलं, पण कोकणचा पाऊस कुणी पाहिला नाही. तिकडचे लोक पावसाचं सांगायला लागले की आमचे आपसांत म्हणायचे, जरा वाढवून सांगतात.

एका वर्षी सिदोबानं घाटाखालच्या धनगरवाड्यातली ठकू आपल्या मुलासाठी, बिरूसाठी, मागितली. तिच्या आईनं विचारलं, "वर माळावर राहील का हो आमची पोर?"

सिदोबा म्हणाला, "तिला कशाची कमी पडू देणार न्हाई. माझा शब्द."

तो आपला बाजरीच्या आणि लोकरीच्या हिशेबानं बोलला होता.

ठकू आली. मृग लागला. ती रोज दारात उभी राहून आभाळाकडं बघायची. ढग यायचे, जायचे. आर्द्रा सरत आल्यावर तिनं सासूला विचारलं म्हणे, "पाऊस कधी लागणार?"

सासू म्हणाली, "अगं, परवा पडून गेला की."

परवा अंगणातली धूळ तेवढी बसली होती. ठकू काही बोलली नाही, आणि त्यानंतर ती कधीच बोलेना. रुसवा नव्हता. भाकरी थापायची, शेण काढायची, हाक मारली की यायची. तोंडातून शब्द तेवढा नाही. अंगारे झाले, देवऋषी झाले. पुढचं वर्ष आणखी कोरडं गेलं. गावची विहीर आटली आणि तिच्याजवळची डोणी नुसती उन्हात तापत पडली.

ठकूचा भाऊ धाकू घाट चढून आला, बहिणीला पाहिलं आणि म्हणाला, "मामा, दसऱ्याला परत येईन. तोवर बोलली तर तुमची. नाहीतर आम्ही आमची घेऊन जाऊ."

सिदोबाला आपला शब्द आठवला. सून गेली असती, आणि खालच्या मुलखात त्याच्या मेंढरांना कुणी शेतात बसवूनही घेतलं नसतं.

मग आमच्यात कुणी केलं नव्हतं ते त्यानं केलं. भर आषाढात तो घाटाकडं निघाला. शेजारी लखू, तोंडाचा फटकळ, कट्ट्यावरून ओरडला, "मेंढरं हितं आन् मेंढका कोकणात! डोस्कं फिरलं व्हय रं?"

इथून निघाला तेव्हा पायाखाली फुफाटा होता. डोंगर जवळ आला तसं गवत दिसलं, मग चिखल, मग धुकं. माथ्यावर त्याची घोंगडी इतकी भिजली की खांद्यावरून उचलेना. त्यानं मागं वळून पाहिलं, पुढं पाहिलं. ढग डोंगराला थटतात, सगळं ओझं पलीकडं टाकतात आणि आमच्याकडं रिकाम्या हातानं येतात. हे त्याला तिथं उमगलं, असं सांगतात.

धाकूच्या घरी तो उंबऱ्याशी बसला. चारी बाजूंनी छपरावरून पागोळ्या पडत होत्या, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. जमीन पाणी घेत नव्हती, वर परत देत होती. घराभोवती चर खणलेला. सिदोबानं विचारलं, "ह्ये पाणी कुठं नेता?"

"खाली ओहोळात. लांब गेलेलं बरं, मामा."

पाणी लांब लावून देतात! म्हाताऱ्यानं त्या दिवशी ताटातला भात तसाच ठेवला म्हणे. पण आडवा झाला, आणि त्या आवाजात त्याला झोप लागली. जागा झाला तेव्हाही तोच आवाज. या आवाजात जन्मलेल्या पोरीला आपण मुक्या आभाळाखाली आणली, हे त्याला कळलं.

परत येऊन त्यानं हे छप्पर घातलं. बाभळीचे वासे, डोंगरातलं गवत, उतार अगदी धाकूच्या घरासारखा. फक्त तिकडं चर असतो तिथं त्यानं विहिरीवरची डोणी ओढून आणून बसवली. चर खणायला त्याचा हात धजला नाही.

लखू बघायला आला. म्हणाला, "सिदोबा, नवरदेवाचा पत्ता न्हाई आन् मांडव कसला घालतुयास?" सगळं गाव हसलं. ठकू हसली नाही.

हस्त निघाला तरी आभाळ कोरडंच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी धाकू आला आणि त्यानं बहिणीचं बोचकं बांधलं. उन्हं उतरताना पूर्वेकडून एक काळा ढग चढला. पाऊस आला तो थोडाच. माळवदांनी तो पिऊन टाकला, माळानंही. पण या गवतावर पाणी थांबलं नाही, घसरलं. पागोळी लागली. डोणी भरली आणि काठावरून सांडायला लागली.

तशी ठकू हंडा घेऊन घरातून धावत आली. "वाया चाललंय!" ती ओरडली. "मामंजी, बघताय काय, आणा की कायतरी! वाया चाललंय!"

धाकू भिंतीला टेकून उभा होता. पाणी वाया जातं असं त्याच्या मुलखात कुणी म्हणत नाही. त्यानं बोचक्याची गाठ सोडली आणि ते आत नेऊन ठेवलं.

त्या डोणीवर गावची कोकरं जगली, असं सांगतात.

आजही दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावातली नवी सून या छपरावर तांब्या ओतते, खाली हंडा धरते आणि "वाया चाललंय" म्हणून ओरडते. ज्या वर्षी आभाळ देत नाही त्या वर्षीही. आणि आजही कोरेवाडीत घर बांधलं, मग ते स्लॅबचं का असेना, दारावर हातभर उतरती वळचण आणि तिच्याखाली डोणी असतेच. ती बसवताना शेजाऱ्यानं रिकामी घागर घेऊन यायचं आणि लखूनं त्या संध्याकाळी सिदोबाला म्हटलं तेच म्हणायचं: "आला रं बाबा तुझा नवरदेव. आता माझ्या दारात बी एक मांडव घाल."