टिटवीला कासवानं विचारलं

नदीला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या वाळूत एक टिटवी राहायची. जरा काही दिसलं की ती ओरडायची, "पळा! पळा!" कोणी हललं नाही, की आणखी मोठ्यानं ओरडायची. हळूहळू सगळ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. तिला उत्तर द्यायला समोरच्या कड्यावरचा प्रतिध्वनी तेवढा उरला.

एका दुपारी लख्ख ऊन पडलेलं असताना ती ओरडली, "पूर येणार! पळा!"

सशानं नुसती कूस बदलली. बगळा जागचा हललाही नाही. म्हातारं कासव मात्र थांबलं आणि म्हणालं, "कशावरून?"

टिटवी फणकारली, "म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही गं बाई. तू जे पाहिलंस, ते मी पाहिलेलं नाही. एवढंच."

असं टिटवीला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मग ती सावकाश म्हणाली, "वरच्या वळणावर पाणी गढूळ झालंय. हिरव्यागार फांद्या वाहत येताहेत. म्हणजे डोंगरात पाऊस कोसळलाय. म्हणून म्हणते, पूर येणार."

या वेळी ती ओरडली नव्हती, तरी ससा उठून बसला. संध्याकाळी वाळू बुडाली, तेव्हा सगळे टेकडीवर होते.

तिसऱ्या दिवशी टिटवी म्हणाली, "पाणी ओसरलं, चला."

कोणीच उठलं नाही. सगळे तिच्याभोवती सरकून बसले आणि एका सुरात म्हणाले, "कशावरून?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच टिटवीला सांगून टाकायची घाई नव्हती.